'बॉयकॉट': एका आडनावाचा शब्द झाला, आपल्या वाट्याला मात्र बहिष्कार आला

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारा तरुण असो की पौडच्या एसटी स्टँडवर उभी असलेली कॉलेजची मुलगी, 'बॉयकॉट' हा शब्द त्यांच्या मोबाइलवर सतत येत असतो. अमुक सिनेमा बॉयकॉट करा, तमुक कंपनीचा माल बॉयकॉट करा, निवडणूक बॉयकॉट करा. दुसरीकडे एखाद्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून किंवा पाणवठ्यावरून वाद होतो आणि बौद्ध वस्तीचा किराणा, दळण, दूध आणि मजुरी बंद केली जाते. त्या बातमीतही हाच शब्द असतो: बहिष्कार.

दोन्हीकडे शब्द एकच आहे, पण कृती एकच आहे का? सिनेमाचे तिकीट न काढणे आणि एखाद्या आईला लेकरासाठी दूध मिळू न देणे या गोष्टी एका मापाने मोजता येतील का? याचे उत्तर शोधायचे तर 'बॉयकॉट' हा शब्द कुठून आला ते पाहावे लागते. चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाने हा इतिहास माहीत करून घ्यावा, कारण त्याचा एक धागा थेट बाबासाहेबांच्या लेखणीपर्यंत येतो.

एका कारभाऱ्याचे आडनाव

जुलमी कारभाराला आपण 'नादिरशाही' म्हणतो आणि लहरी निर्णयाला 'तुघलकी'. माणसाच्या नावाचा असा शब्द होतो. 'बॉयकॉट' हेही मुळात आडनावच आहे.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा १८३२ साली इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात जन्मलेला माणूस. काही काळ तो ब्रिटिश सैन्यात होता. पुढे आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो जिल्ह्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. कुळांकडून खंड वसूल करणे आणि खंड थकला की कुळाला जमिनीवरून हुसकावणे हे त्याचे काम. जमीन कसणारा आयरिश शेतकरी आणि मालक दूर राहणारा लॉर्ड, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडच्या खोताच्या किंवा सावकाराच्या कुळाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

१८७९ साली आयर्लंडमध्ये पिके बुडाली. १८४० च्या दशकातील भीषण दुष्काळ लोक विसरले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने 'लँड लीग' ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस या गावच्या सभेत पार्नेल यांनी एक प्रश्न विचारला. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो दुसरा माणूस घेईल त्याचे काय करायचे? त्याला गोळी घाला, असा आवाज गर्दीतून आला. पार्नेल यांनी दुसरा मार्ग सांगितला. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्येसुद्धा त्याच्यापासून दूर राहा. जुन्या काळी महारोग्याला जसे दूर ठेवत, तसे त्याला एकटे पाडा.

ही उपमा नीट लक्षात घ्या. ज्याच्यापासून सगळे दूर राहतात असा माणूस लोकांच्या डोळ्यांसमोर उभा करण्यासाठी आयर्लंडच्या नेत्याला महारोग्याचे उदाहरण द्यावे लागले. आपल्या देशात तेव्हा असे जगणे गावकुसाबाहेरच्या कोट्यवधी धडधाकट माणसांच्या वाट्याला आलेले होते, आणि त्यांनी कोणाची जमीन लुबाडलेली नव्हती.

शंभर टक्के असहकार

पार्नेल यांच्या भाषणानंतर काही दिवसांतच बॉयकॉटची पाळी आली. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली होती. लॉर्ड अर्न १० टक्क्यांवर अडून बसला. बॉयकॉटने ११ कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. नोटिसा लावायला आलेल्या माणसाला बायकांनी चिखल आणि शेण फेकून पळवून लावले. त्यानंतर बॉयकॉटच्या शेतातले मजूर काम सोडून गेले. घरगडी गेले. लोहाराने घोड्याला नाल ठोकायचे नाकारले, धोबिणीने कपडे नाकारले आणि जवळच्या बॅलिनरोब गावातल्या दुकानदारांनी सामान देणे बंद केले.

ऑक्टोबरमध्ये बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली आणि सगळ्या इंग्लंडचे लक्ष मेयोकडे गेले. उभे पीक काढायला अल्स्टर प्रांतातून ५० माणसे आणली गेली. त्यांच्या संरक्षणासाठी हजाराच्या वर सैनिक आणि पोलीस तैनात झाले. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढायला सुमारे १०,००० पौंड खर्च झाला असा तेव्हाचा अंदाज आहे. पीक निघाले, पण बॉयकॉटला तिथे राहता येईना. डिसेंबर १८८० उजाडेपर्यंत त्याने आयर्लंड सोडले.

नवा शब्द का लागला?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. 'बॉयकॉट' हे आडनाव क्रियापद म्हणून पहिल्यांदा कोणी वापरले? लँड लीगचे नेते डेव्हिट यांनी पुढे आपल्या पुस्तकात याची हकिगत दिली आहे. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकी पत्रकार तेव्हा मेयोमध्ये होता. तिथले पाद्री फादर जॉन ओमॅली यांच्याबरोबर जेवताना तो एका शब्दापाशी अडला. त्याची अडचण अशी होती. शेतकरी आपल्यातल्याच एखाद्या जमीनबळकाव्याला वाळीत टाकतात तेव्हा त्याला 'सामाजिक बहिष्कृती' म्हणता येते. पण कुळे मिळून जमीनदाराच्या कारभाऱ्यालाच एकटे पाडतात, त्याला वेगळा शब्द हवा. इंग्रजीत ग्रीक मुळाचा 'ऑस्ट्रॅसिझम' हा शब्द होता. प्राचीन अथेन्सचे नागरिक खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करत, त्यावरून तो आला. पण तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसणारा नव्हता. फादर ओमॅली थोडे थांबले आणि त्यांनी सुचवले, 'बॉयकॉट करणे' म्हटले तर?

नोव्हेंबर १८८० मध्ये हा शब्द 'टाइम्स'मध्येही छापून आला. मग तो फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, जपानी असा भाषांमागून भाषांत गेला.

रेडपाथची अडचण पुन्हा वाचा. समाजाने आपल्यातल्या माणसाला बाहेर टाकणे यासाठी शब्द होता. दुबळ्यांनी एकजुटीने बलवानाची सेवा बंद करणे यासाठी शब्द नव्हता, म्हणून 'बॉयकॉट' जन्माला आला. या शब्दाला जन्मतःच एक दिशा होती: खालून वर. आणखी एक गोष्ट. हा रेडपाथ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीतला कार्यकर्ता होता. गुलामीविरुद्ध शस्त्र उचलून फासावर गेलेल्या जॉन ब्राउनचे चरित्र त्याने १८६० साली लिहिले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या अशाच गुलामीविरोधी सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या पिढीतल्या एका माणसाला या दोन कृतींतला फरक खटकला आणि त्याने वेगळा शब्द मागितला, यात नवल नाही.

मराठीत दोन्हींची सरमिसळ

मराठीत मात्र उलट घडले. 'बहिष्कार' हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता. 'बहिस्' म्हणजे बाहेर. बाहेर करणे तो बहिष्कार. जातीने एखाद्याला वाळीत टाकणे, त्याचा रोटी-बेटी व्यवहार तोडणे, त्याच्या घरचे मर्तिक अडवणे हा त्याचा व्यवहारातला अर्थ. हे हत्यार किती धारदार होते ते पाहायचे तर पुण्यातील पंचहौद मिशनचे प्रकरण आठवा. १८९० साली न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि इतर मंडळी तिथे गेली आणि मिशनऱ्यांचा चहा समोर आला. सनातन्यांनी तेवढ्यावरून ग्रामण्य उभे केले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि या मोठ्या माणसांनाही प्रायश्चित्त घेण्याची पाळी आली.

पंधरा वर्षांनी, १९०५ साली, बंगालच्या फाळणीविरुद्ध परदेशी मालावरील 'बॉयकॉट'ची चळवळ उभी राहिली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांनी सांगितली. 'बॉयकॉट'ला मराठी शब्द म्हणून 'बहिष्कार'च घेतला गेला. जातपंचायतीच्या दहशतीचा शब्द आता देशभक्तीचा शब्द झाला. आयर्लंडमध्ये ज्या दोन कृतींसाठी दोन शब्द केले, त्या मराठीत एकाच शब्दात बसल्या. गावाने वस्तीचे पाणी तोडले तरी बहिष्कार, आणि वस्तीने मतदान केंद्राकडे पाठ फिरवली तरी बहिष्कार. आजचा गोंधळ इथून सुरू होतो.

मुळशीचा धडा

मेयोच्या कुळांना यश आले, मग मुळशीच्या कुळांना का आले नाही? हा प्रश्न आपल्या मातीतला आहे. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यात धरण बांधायचे ठरले. पाणी कोकणात भिऱ्याला सोडायचे, वीज मुंबईला न्यायची आणि जमीन बुडायची मावळ्यांची. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही ओळख याच लढ्याने दिली. पुरुषांबरोबर बायका कामाच्या जागी जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. तरीही १९२४ पर्यंत लढा संपला आणि पुढे धरण उभे राहिले.

कारणे अनेक आहेत. त्यांतील एक आपल्या विषयाशी जोडलेले आहे. बॉयकॉटला पीक काढायला मेयोचीच माणसे लागत होती, म्हणून त्यांचा नकार त्याला भारी पडला. मुळशीत कंपनीच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. तिला मावळ्यांची मेहनत नको होती, त्यांची जमीन हवी होती. शिवाय खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या आणि अनेक सावकारांना लढ्यापेक्षा मोबदला जवळचा वाटला. म्हणजे ज्याला आपली गरज आहे त्याच्याविरुद्धच बॉयकॉट चालतो. ज्याला आपली गरज उरलेली नाही, त्याच्यासमोर आपण सेवा बंद केली तरी त्याचे काही अडत नाही.

हाच नियम उलटा फिरवला की गावच्या बहिष्काराचे गणित उलगडते. जमीन, दुकान, गिरणी आणि रस्ता गावाच्या हातात. वस्तीच्या हातात फक्त मजुरी. गावाची गरज वस्तीला रोजची, म्हणून गावाचा बहिष्कार एका दिवसात चुलीपर्यंत पोहोचतो.

बाबासाहेबांनी कायद्याचे हत्यार उलटे फिरवले

बाबासाहेबांनी हे गणित फार आधी मांडले. १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' पाक्षिक. ही नावे पाहा. 'बहिष्कार' ही करणाऱ्याची कृती, तर 'बहिष्कृत' म्हणजे ज्याच्यावर ती झाली तो माणूस. त्यांनी शब्दाचा रोख बळी पडलेल्या माणसाकडे वळवला आणि त्याला संघटनेचे नाव दिले.

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. मेलेली गुरे ओढायची नाहीत, मृतमांस खायचे नाही, असे ठरले. हा खरा बॉयकॉट होता: लादलेली सेवा नाकारणे. त्याला उत्तर म्हणून लोकांना मारहाण झाली, छळ झाला. पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३० साली आलेल्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे चित्र आहे. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, जमीन विकत घेतली, चांगले कपडे-दागिने घातले, नवरदेवाला घोड्यावरून नेले, एवढ्या कारणांवरून अस्पृश्यांच्या वाटा अडवल्या जात आणि दुकानदार सामान देणे बंद करत.

त्याच वर्षी लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी तिथे अस्पृश्यांसाठी राजकीय संरक्षणांची योजना सादर केली. त्यात बहिष्काराला गुन्हा ठरवणारी कलमे होती आणि ती कुठून घेतली तेही त्यांनी नमूद केले: ब्रह्मदेशातील १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा. तो कायदा ब्रिटिशांनी तिथल्या राष्ट्रीय चळवळीचा बॉयकॉट मोडण्यासाठी केला होता. राज्यकर्त्यांनी जनतेविरुद्ध केलेली ती व्याख्या बाबासाहेबांनी उचलली आणि देशातल्या सर्वांत दुबळ्या माणसाची ढाल म्हणून पुढे केली.

त्या मसुद्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. कायद्याने करता येते अशी गोष्ट कोणी केली म्हणून त्याला घर-जमीन न देणे, त्याच्याशी व्यवहार न करणे, त्याला काम न देणे, नेहमीचे सामाजिक संबंध तोडणे, हा बहिष्कार. चिथावणी देणे आणि धमकी देणे हेही गुन्हे. हे सगळे गुन्हे दखलपात्र. पण त्याचबरोबर स्पष्ट अपवाद: प्रामाणिक कामगार लढ्यातील कृती आणि व्यापारातील साधी स्पर्धा यांना बहिष्कार म्हणायचे नाही. म्हणजे मजुराचा संप सुरक्षित राहिला आणि गावाची दहशत गुन्हा ठरली. रेडपाथला जो फरक शब्दात हवा होता, तो बाबासाहेबांनी कायद्यात आणला. १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही त्यांनी सामाजिक बहिष्काराविरुद्धची ही मागणी पुन्हा मांडली.

धम्मातला नकार

भगवान बुद्धांच्या संघातही असहकाराची शिस्त होती. विनयपिटकात वड्ढ लिच्छवीची कथा आहे. दब्ब मल्लपुत्त या निर्दोष भिक्खूवर त्याने दुसऱ्यांच्या चिथावणीने खोटा आरोप केला. संघाने त्याच्यासाठी 'पत्तनिक्कुज्जन' केले, म्हणजे भिक्षापात्र पालथे घातले. त्याचे दान घ्यायचे नाही, असे ठरवले. आनंदांनी त्याला हे कळवताच तो मूर्च्छित पडला. नंतर त्याने चूक कबूल केली आणि संघाने पात्र पुन्हा सुलटे केले.

इथे तीन गोष्टी दिसतात. संघाने स्वतःचे घेणे थांबवले, वड्ढाचे अन्न-पाणी तोडले नाही. आरोप सांगून, संघासमोर ठराव मांडून निर्णय झाला. आणि चूक कबूल करताच परतीचा रस्ता खुला होता. सप्टेंबर २००७ मध्ये म्यानमारच्या भिक्खूंनी लष्करी राजवटीविरुद्ध हेच केले. पालथी पात्रे घेऊन ते रस्त्यावर उतरले. सत्ताधाऱ्यांचे दान नाकारण्यात किती ताकद आहे हे जगाने पाहिले.

आज आपल्या हातात काय आहे?

तरुण मित्रांनो, शब्दाचा इतिहास कळला की कायदाही नीट वापरता येतो. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यात, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, बहिष्काराची व्याख्या आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने 'सामाजिक बहिष्कार' आणि 'आर्थिक बहिष्कार' यांच्या वेगळ्या व्याख्या आल्या. ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३(१)(झेडसी) प्रमाणे असा बहिष्कार टाकणे किंवा त्याची धमकी देणे हा गुन्हा असून शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे 'तुम्ही बौद्ध, तुम्हाला ॲट्रॉसिटी लागू नाही' असे कोणी सांगितले तर ते चुकीचे आहे.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ साली संमत झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पण हा कायदा मुख्यतः एकाच समाजातल्या सदस्यांविषयी आहे. जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकले तर तो लागतो. गावाने बौद्ध वस्तीवर बहिष्कार टाकला तर पहिला आधार अत्याचार प्रतिबंधक कायदाच. फिर्याद लिहिताना हा फरक विसरू नका. 'गावाने बहिष्कार टाकला' एवढेच मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानदाराने काय द्यायचे नाकारले, कोणाच्या सांगण्यावरून, कोणासमोर, आणि आपण कोणता कायदेशीर हक्क वापरला म्हणून हे घडले, ते लिहा. बाबासाहेबांच्या मसुद्यात हेच मुद्दे होते.

आणि उद्या आपण स्वतः एखादा बॉयकॉट पुकारू, तेव्हा आधी स्वतःला तीन प्रश्न विचारू. आपला नकार आपल्यापेक्षा बलवानाला आहे की दुबळ्याला? आपण आपली सेवा, आपला पैसा, आपले मत काढून घेत आहोत, की दुसऱ्याचे पाणी तोडत आहोत? समोरच्याने चूक सुधारली तर पात्र सुलटे करायची आपली तयारी आहे का? या प्रश्नांची उत्तरे नीट देता येत असतील तर बॉयकॉट खुशाल करावा. पण आपल्यातल्याच कोणी वेगळे मत मांडले, दुसऱ्या गटात गेला, मनाविरुद्ध लग्न केले म्हणून त्याला वाळीत टाकायची भाषा वस्तीत सुरू झाली, तर ती तिथेच थांबवली पाहिजे. बहिष्कृतांच्या मुलांनी कोणाला बहिष्कृत करू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!